एकसष्ट हजारांची पॉलिसी, एक लाखाची वजावट

२०२५ च्या गणपतीत, ३० ऑगस्टला, सांगलीच्या विश्रामबागेतले एक निवृत्त शिक्षक माझ्या कर सल्ल्याच्या ऑफिसात आले. दुसऱ्या दिवशी गौरी यायच्या होत्या, म्हणून पुण्याहून मुलगाही घरी आला होता. दोघांचीही आयकर विवरणपत्रे भरायची राहिली होती. त्या वर्षी मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरपर्यंत वाढली होती, त्यामुळे घाई नव्हती. सरांचे विवरणपत्र मी बारा वर्षे भरते आहे. मुलाचे पहिल्यांदाच माझ्याकडे आले होते. आधीची दोन वर्षे त्याने ते स्वतःच भरले होते.

सरांचा मसुदा मी सकाळीच तयार करून ठेवला होता. मुलाचा फॉर्म १६ (कंपनीने दिलेला पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला) उघडून ८०डीची, म्हणजे आरोग्य विम्याच्या हप्त्यावरच्या वजावटीची, माहिती भरायला घेतली. २०२५-२६ च्या आकारणी वर्षापासून, म्हणजे २०२४-२५ च्या उत्पन्नापासून, जुन्या करपद्धतीने वजावट मागताना तिथे विमा कंपनीचे नाव आणि पॉलिसी क्रमांक लिहावा लागतो. मुलाने मोबाईलवरून क्रमांक वाचून दाखवला. शेवटचे चार आकडे ऐकताच मी थांबले. तेच चार आकडे सकाळी मी सरांच्या मसुद्यात भरले होते.

वडिलांच्या मसुद्यात ५०,००० ची वजावट, मुलाच्या फॉर्म १६ मध्येही ५०,००० ची. मूळ पॉलिसीचा हप्ता होता ६१,३६०.

हे प्रकरण सविस्तर लिहायचे कारण असे की, यात कोणीही लबाडी करत नव्हते. दोघांनाही आपापला हक्क खरा वाटत होता आणि दोघांच्या बोलण्यात थोडे तथ्यही होते. असे गोंधळ आमच्याकडे दरवर्षी येतात. मुले पुण्या-मुंबईला कमावती होतात, आई-वडील सांगली-मिरजेत राहतात आणि पॉलिसी मात्र मुले शाळेत असताना काढलेली तीच चालू राहते. ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशील बदलले आहेत. हिशोब मात्र जसा मांडला तसाच देते.

घर आणि पॉलिसी

सरांना जून २०२४ मध्ये साठ पूर्ण झाली. ते माध्यमिक शाळेतून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. पेन्शन वर्षाला ६,००,०००. एका बँकेतल्या ठेवीवर १,१०,००० व्याज, बचत खात्याचे १०,०००. त्यांच्या पत्नी, काकू, सत्तावन्न वर्षांच्या, घर सांभाळतात. मुलगा चोवीस वर्षांचा, इंजिनिअर, पुण्यात तीन वर्षे नोकरीत, पगार १२ लाख. मुलगी वीस वर्षांची, मिरजेत फिजिओथेरपी शिकते. सरांची आई ब्याऐंशीची. त्या तासगाव तालुक्यातल्या गावी धाकट्या मुलाकडे राहतात. त्यांचा विमा नाही.

पॉलिसी दहा लाखांची फॅमिली फ्लोटर, चौघांची मिळून, २०१६ पासून सलग. दर वर्षी १४ ऑक्टोबरला नूतनीकरण. २०२४ च्या हप्त्याचे सदस्यवार आकडे पॉलिसीच्या शेड्यूलमध्येच छापलेले होते आणि त्यामुळे माझे निम्मे काम सोपे झाले. सरांचे २१,४००, काकूंचे १७,६००, मुलाचे ७,१००, मुलीचे ५,९००. बेरीज ५२,०००, त्यावर तेव्हाचा १८ टक्के जीएसटी ९,३६०. जीएसटी वाटून घेतला की सरांचे २५,२५२, काकूंचे २०,७६८, मुलाचे ८,३७८ आणि मुलीचे ६,९६२ होतात. बऱ्याच फ्लोटर पॉलिस्यांमध्ये असे सदस्यवार आकडे दिसत नाहीत, एकच रक्कम असते. तशा वेळी विमा कंपनीला ईमेल करून विभागणी लेखी मागवावी. अंदाजाने चार समान भाग करू नयेत. एकसष्ट वर्षांच्या माणसाचा आणि वीस वर्षांच्या मुलीचा हप्ता सारखा कधीच नसतो.

हप्ता सरांच्या पेन्शनच्या खात्यातून नेटबँकिंगने भरला होता. पावती सरांच्या नावाने आणि ८०डीचे प्रमाणपत्रही त्यांच्याच नावाने.

मग मुलाच्या फॉर्म १६ मध्ये ते कसे आले? ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने त्याला सांगितले होते की आई-वडिलांपैकी एक जण साठीच्या पुढे असेल तर आणखी पन्नास हजार सुटतात. मुलाने वडिलांकडून पीडीएफ मागवली आणि जानेवारीत एचआरच्या पोर्टलवर चढवली. पोर्टलने ती स्वीकारली. पैसे कोणाच्या खात्यातून गेले हे तिथे कोणी विचारले नाही. या पन्नास हजारांच्या भरवशावर त्याने त्या वर्षी मुद्दाम जुनी पद्धत निवडली होती. आधीची दोन वर्षे तो नव्या पद्धतीत होता, जिथे दर कमी असतात पण ८०डीसारख्या वजावटी मिळत नाहीत. तेव्हा त्याने ८०डी मागितलेच नव्हते, म्हणून जुन्या वर्षांची विवरणपत्रे उघडायची वेळ आली नाही. सरांची मर्यादा तेव्हा २५,००० होती. स्वतःचा, काकूंचा आणि मुलीचा हप्ताच त्यापेक्षा जास्त होता. मुलाचा वाटा धरला काय आणि न धरला काय, आकडा तोच राहिला असता.

मी दोघांसमोर दोन्ही कागद शेजारी ठेवले. सर काही क्षण बघत राहिले. मग म्हणाले, “मग माझं काढा की ताई. पोराला लागतंय तर त्याला राहू दे.”

हे बाप म्हणून बोलणे होते. पण ही वजावट घरातल्या कोणीही कोणाच्या ताटात वाढावी अशी नसते.

कायदा नेमके काय म्हणतो

१९६१ च्या आयकर कायद्यातल्या ८०डी कलमात तीन गोष्टी एकदम जुळाव्या लागतात. विमा कोणाचा आहे, पैसे कोणी भरले आणि ते भरणाऱ्याच्या करपात्र उत्पन्नातून, रोखीशिवाय भरले का.

विम्याच्या यादीत दोन गट येतात. पहिला गट म्हणजे स्वतः, पती किंवा पत्नी आणि अवलंबून असलेली मुले. दुसरा गट आई-वडील. प्रत्येक गटाची मर्यादा २५,०००. त्या गटात ज्याचा विमा आहे तो ज्येष्ठ नागरिक असेल तर ५०,०००. ज्येष्ठ म्हणजे त्या आर्थिक वर्षात कधीही साठ पूर्ण केलेला निवासी. सरांना जूनमध्ये साठ झाली, त्यामुळे ते पूर्ण वर्ष ज्येष्ठ धरायचे.

दोन्ही गटांच्या शब्दांत एक फरक आहे आणि लोकांचा पाय तिथेच घसरतो. आई-वडील मुलावर अवलंबून असावेत अशी अट नाही. वडिलांना चांगली पेन्शन असली तरी मुलगा त्यांचा हप्ता भरून वजावट घेऊ शकतो. मुलांच्या बाबतीत मात्र ‘अवलंबून’ हा शब्द कायद्यातच आहे. वयाचा आकडा तिथे नाही. तेवीस वर्षांची शिकणारी मुलगी चालते, पण तेवीस वर्षांचा कमावता मुलगा चालत नाही.

सासू-सासरे, भाऊ-बहीण, आजी-आजोबा यांपैकी कोणीही यादीत नाही. भाऊ बहिणीचा हप्ता हौसेने भरू शकतो, पण त्याची वजावट मिळत नाही.

हे या घराला लावले की चित्र असे होते. पैसे सरांनी भरले, म्हणून वजावट मागण्याचा हक्क फक्त सरांचा. त्यातही स्वतःचे, काकूंचे आणि मुलीचे मिळून ५२,९८२, मर्यादेमुळे ५०,०००. मुलाचे ८,३७८ त्यांना धरता येत नाहीत, कारण मुलगा कमावता आहे. मुलाला या पावतीवर काहीच मागता येत नाही. आई-वडिलांचा हप्ता त्याने भरला नाही आणि स्वतःचाही वडिलांनीच भरला.

“पण ताई, मी दर महिन्याला पाच हजार घरी पाठवतो,” मुलगा म्हणाला. “वर्षाचे साठ हजार होतात. पॉलिसी एकसष्टची आहे. म्हणजे मीच भरली ना?”

या प्रश्नावर मी त्याला झटकन गप्प केले नाही, कारण माणूस म्हणून त्याचे बरोबर होते. पंचविशीच्या आतला मुलगा पहिल्या पगारापासून घरी पैसे पाठवतो, हे मला मोलाचे वाटते. पण कागदावर ते पैसे मुलाने वडिलांना दिलेले होते. प्रत्येक यूपीआयच्या खाली त्याने ‘घरखर्च’ असे लिहिले होते. जवळच्या नात्यातली भेट म्हणून वडिलांवर त्याचा कर लागत नाही, तो मुद्दा वेगळा. विमा कंपनीकडे पैसे गेले ते वडिलांच्या खात्यातून, वडिलांच्या पेन्शनमधून. उद्या विभागाने पुरावा मागितला तर मुलाकडे दाखवायला घरखर्चाच्या बारा नोंदी होत्या, हप्त्याची एकही नव्हती. हप्त्याच्याच दिवशी, हप्त्याएवढी रक्कम, तसे लिहून पाठवली असती तर काहींनी ते रेटून धरले असते. मी तेही सुचवत नाही. पैसे देणाऱ्याने थेट विमा कंपनीला द्यावेत, म्हणजे कोणाला काही समजावून सांगावे लागत नाही.

त्याच जुलैत, १४ तारखेला, आयकर विभागाने बोगस वजावटींविरुद्ध देशभर पडताळणीची मोहीम सुरू केली होती. ती बातमी मुलाने वाचली होती. चुकीची माहिती देऊन उत्पन्न कमी दाखवले असे ठरले तर बुडवलेल्या कराच्या दोनशे टक्के दंड असतो हेही मी सांगितले. पण भीती दाखवून काम करून घेणे मला आवडत नाही. म्हणून कागद घेतला आणि आकडे मांडायला बसले.

वडिलांचा हिशोब

सरांचा मसुदा मी सवयीने जुन्या पद्धतीत केला होता. इथे चूक माझी. वर्षानुवर्षे तेच करत आले होते आणि यंदा उत्पन्नाचे आकडे बदलले तरी मी तुलना करून पाहिली नव्हती.

जुन्या पद्धतीत पेन्शनमधून ५०,००० प्रमाणित वजावट, व्याजावर ज्येष्ठांची ८०टीटीबीची ५०,०००, आयुर्विम्याच्या हप्त्याचे ४०,००० आणि ८०डीचे ५०,००० वजा केले की ५,३०,००० उरत होते. ज्येष्ठांना तीन लाखांपर्यंत कर नाही. पुढे पाच लाखांपर्यंत पाच टक्के, त्यावर वीस. उपकरासह १६,६४० कर.

नव्या पद्धतीत पेन्शनमधून ७५,००० वजा, व्याज पूर्ण धरायचे, एकूण ६,४५,०००. २०२४-२५ या आर्थिक वर्षाला सात लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर पूर्ण कर माफ करणारी ८७ए ची सूट होती, म्हणून कर शून्य. बँकेने ठेवीच्या व्याजावर कापलेले ११,००० सुद्धा परत मिळणार होते.

म्हणजे ज्या पन्नास हजारांवरून सकाळपासून बोलणे चालले होते, त्याची सरांना गरजच नव्हती.

मध्येच सरांना आठवले, “आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं की जानेवारीत. मिरजेत. ते कुठं धरता येतं का?” येते. ज्येष्ठ व्यक्तीचा कोणताही आरोग्य विमा नसेल तर तिच्या उपचाराचा खर्च ५०,००० पर्यंत ८०डीमध्ये बसतो, रोखीने दिलेला नसला तर. सरांनी ९०,००० खात्यातून दिले होते, बाकीचे धाकट्या भावाने. ती वजावट धरली असती तर जुन्या पद्धतीतही उत्पन्न ४,८०,००० वर आले असते आणि सूट मिळून कर शून्य झाला असता. दोन्ही वाटांनी शून्यच. मग बिले, पावत्या, पॉलिसी क्रमांक यांपैकी काहीच लागत नाही ती नवी पद्धत घेतली. नातवाला आजीचा खर्च धरता येईल का, असे मुलाने विचारले. नाही. आजी त्याच्या यादीत नाही.

मुलाचा हिशोब

इथे जरा सावकाश जायला हवे, कारण त्याने सगळे वर्षभराचे नियोजन या एका वजावटीवर उभे केले होते.

पगार १२,००,०००. प्रमाणित वजावट ५०,०००. व्यवसाय कर २,५००. ८०सीचे, म्हणजे गुंतवणुकीचे, १,५०,०००. पुण्यात भाडे महिना २०,०००, मूळ पगार वर्षाला ६,००,०००, त्यामुळे घरभाड्याची सूट १,८०,०००. इथपर्यंत ८,१७,५०० उरतात. ८०डीचे ५०,००० धरले तर ७,६७,५०० आणि कर उपकरासह ६८,६४०. कंपनीने एवढाच टीडीएस कापला होता. ते ५०,००० काढून टाकले की कर ७९,०४०. म्हणजे १०,४०० चा खड्डा. मुलाचा चेहरा उतरला.

मग नवी पद्धत मांडली. १२,००,००० मधून ७५,०००, राहिले ११,२५,०००. त्या वर्षीच्या टप्प्यांनी कर ६८,७५०, उपकरासह ७१,५००. पगारदाराला विवरणपत्र भरताना पद्धत बदलता येते. एचआरला काय सांगितले होते त्याने तो बांधला जात नाही, फक्त मुदतीच्या आत भरायला हवे. ७१,५०० मधून कापलेले ६८,६४० वजा केले की भरायचे २,८६०. रक्कम दहा हजारांच्या आत, म्हणून आगाऊ कराचे व्याज नाही. मुदतीत भरले तर उशिराचेही नाही.

खरे विवरणपत्र भरण्याची किंमत २,८६० रुपये होती.

मला त्याला आणखी एक आकडा दाखवावासा वाटला. समजा ऑक्टोबरमध्ये पूर्ण हप्ता त्याने स्वतःच्या खात्यातून भरला असता. आई-वडिलांचे ४६,०२० आणि स्वतःचे ८,३७८ अशी ५४,३९८ ची वजावट त्याला रीतसर मिळाली असती. बहिणीचे ६,९६२ सोडून द्यावे लागले असते. कर सुमारे ६७,७२० आला असता. नव्या पद्धतीच्या तुलनेत फायदा ३,७८०. त्यासाठी भाड्याच्या पावत्या, घरमालकाचा पॅन आणि दीड लाखाची गुंतवणूक सांभाळायची. मुलाने तो आकडा दोनदा वाचला आणि म्हणाला, “एवढंच?”

एवढेच. दोघांची विवरणपत्रे त्याच दुपारी नव्या पद्धतीने भरली. दोन्हीत ८०डी नाही.

मला खरी काळजी वाटली ती वेगळ्याच कागदाची

विवरणपत्रे संपली होती. सर उठायच्या बेतात होते. मी पॉलिसीची पीडीएफ पुन्हा उघडली आणि व्याख्यांचे पान वाचले. या पॉलिसीत मूल म्हणजे अविवाहित, पंचवीस वर्षांपर्यंतचे आणि आर्थिकदृष्ट्या आई-वडिलांवर अवलंबून असलेले.

मुलगा तीन वर्षे नोकरीत. तीन नूतनीकरणे झाली. विमा कंपनीला कोणी कळवले नाही, कंपनीनेही विचारले नाही. दर ऑक्टोबरला त्याच्या नावाचा हप्ता मात्र जात राहिला.

कराच्या घोळात पैसे जातात, ते परत कमावता येतात. पण पुण्यात या मुलाचा अपघात झाला असता, ऑफिसचा विमा अपुरा पडला असता आणि घरच्यांनी या पॉलिसीवर दावा टाकला असता, तर पगाराची स्लिप बघून त्याला अवलंबून मानायला नकार मिळण्याची पुरेपूर शक्यता होती. ज्या घराने नऊ वर्षे एकही नूतनीकरण चुकवले नाही त्यांना दवाखान्याच्या काउंटरवर हे कळले असते. सगळ्याच पॉलिस्यांत ही अट नसते, काहींत कमावती मुलेही चालतात. म्हणूनच आपल्या पॉलिसीतली व्याख्या प्रत्यक्ष वाचावी लागते, एजंट तोंडी काय म्हणाला यावर राहता येत नाही.

नोव्हेंबरमध्ये त्याला पंचवीस होत होती. तसेही त्याला बाहेर पडायचेच होते. मी म्हटले, दीड महिना हातात आहे, आत्ताच अर्ज द्या. फ्लोटरमधून वयामुळे बाहेर पडणाऱ्या सदस्याला त्याच कंपनीची स्वतंत्र पॉलिसी घेता येते आणि आजवर पूर्ण केलेला प्रतीक्षाकाळ (ठरावीक आजारांचे दावे मिळत नाहीत तो सुरुवातीचा काळ) नव्या पॉलिसीत धरला जातो. चोवीस वर्षांच्या धडधाकट मुलाला त्याचे महत्त्व वाटत नाही. पण २०१६ पासूनची नऊ वर्षे त्याच्या नावावर जमा होती, ती पुसून कोरी पॉलिसी घेण्यात काय अर्थ होता?

मुलाचा बेत निराळाच होता. “ताई, ऑफिसात आई-बाबांना घालता येतं. पगारातून थोडे कापतात. इथली बंद करूया की. एवढे साठ हजार कशाला?”

त्याच्या बोलण्यात हिशोब होता, पण मी त्याला शक्य तितक्या जोरात अडवले. ऑफिसचा विमा नोकरीबरोबर जातो. नोकरी बदलताना मधल्या दिवसांत काय? कंपनीने पुढच्या वर्षी आई-वडिलांचा पर्यायच काढून टाकला तर काय? सरांना २०१७ पासून मधुमेह आहे. आज त्यांच्या पॉलिसीत आधीच्या आजारांचा प्रतीक्षाकाळ कधीच संपलेला आहे आणि साठ महिन्यांचा मोरेटोरियमही. म्हणजे फसवणूक सिद्ध केल्याशिवाय माहिती लपवली या कारणावर कंपनी दावा नाकारू शकत नाही. ही पॉलिसी एकदा सोडली आणि बासष्टाव्या वर्षी मधुमेहासकट नवी मागायला गेले, तर तीन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षाकाळ पुन्हा सुरू होतो. विमाच नाकारला जाऊ शकतो ते वेगळेच. ऑफिसचा विमा वरून असू दे. सांगलीची पॉलिसी पाया आहे.

सलग नऊ वर्षांचा पुरावा मात्र घरात नव्हता. २०१९ ला ही मंडळी सांगलीच्या गावभागात राहत होती आणि ऑगस्टच्या पुरात कागदांचे कपाट गेले. सरांना वाटत होते की आता काही सिद्ध करता येणार नाही. तसे नसते. मी विमा कंपनीला लिहून जुन्या सगळ्या वर्षांची शेड्यूले मागवली. आठवड्याभरात पीडीएफ आल्या. पहिल्या पॉलिसीची तारीख, १४ ऑक्टोबर २०१६, नव्या अर्जात लिहिता आली.

पैसे कोणी भरायचे

हा प्रश्न आकड्यांनी सुटला नाही. तीन दिवसांनी, गौरी जेवणाच्या दुसऱ्या दिवशी, काकूही आल्या आणि त्यांच्यामुळेच तो सुटला.

मुलाचे म्हणणे, इथून पुढे आई-बाबांचा हप्ता मी भरणार. सरांचे म्हणणे, “माझी पॉलिसी मी भरतो. पोराकडून घ्यायची वेळ आली नाही अजून.” दोघेही माझ्याकडे बघून बोलत होते, एकमेकांकडे नाही. मी कराची बाजू सांगितली. २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत सूट झाली आहे, पगारदाराला प्रमाणित वजावटीसह पावणेतेरा लाखांपर्यंत कर नाही. मुलाचा पगार १२ लाखच राहिला तर त्याचा कर शून्य. सरांचाही शून्य. हप्ता कोणीही भरला तरी करात एक रुपयाचा फरक नाही.

त्यावर सर पटकन म्हणाले, “मग विम्याचा उपयोग काय उरला?”

मला हे वाक्य हल्ली वारंवार ऐकू येते आणि दर वेळी पोटात खड्डा पडतो. इतकी वर्षे आम्ही सल्लागारांनीच मार्चमध्ये ‘कर वाचवायला मेडिक्लेम घ्या’ असे सांगितले, त्याचे हे फळ आहे. मी सरांना मिरजेतले जानेवारीचे बिल काढायला लावले. आईच्या एका खुब्याचे १,३५,०००, तेही विमा नसताना, दोन भावांनी ठेवी मोडून भरलेले. ते बघून ते काही बोलले नाहीत.

काकूंनी मार्ग काढला. त्या म्हणाल्या, “ह्यांची पॉलिसी हे भरू देत. तू आमच्यासाठी वरचं काहीतरी कर. दहा लाख संपले तर काय, त्याचं.” म्हणजे नेमका सुपर टॉप-अप. बिलातले पहिले दहा लाख सोडून त्यावरचे संरक्षण घ्यायचे. साधा टॉप-अप दवाखान्यात दर वेळी दाखल झाल्याचे बिल वेगळे मोजतो, सुपर टॉप-अप वर्षभराच्या बिलांची बेरीज धरतो. पन्नाशी-साठीच्या माणसांना दुसराच उपयोगी. त्याचा हप्ता मुलाने स्वतःच्या खात्यातून भरायचा, पावतीवर भरणारा म्हणून त्याचे नाव. पुढे कधी पगार वाढून जुनी पद्धत फायद्याची ठरली तर तोच हप्ता त्याच्या आई-वडिलांच्या गटात सरळ बसेल, आणि वडिलांच्या पॉलिसीचा क्रमांक त्याच्या विवरणपत्रात कधीच येणार नाही.

मधल्या काळात, ३ सप्टेंबरला, जीएसटी परिषदेचा निर्णय आला. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के कर २२ सप्टेंबरपासून शून्य. १४ ऑक्टोबरचे नूतनीकरण आपोआप त्याच्या पुढे पडले. सरांचा वयाचा टप्पा बदलल्याने मूळ हप्ता थोडा वाढला आणि मुलाचा वाटा कमी झाला. एकूण रक्कम गेल्या वर्षापेक्षा खाली आली. फ्लोटर आता तिघांची. मुलाची स्वतंत्र पॉलिसी त्याच दिवशी सुरू झाली, त्यात पहिल्या विम्याची तारीख २०१६ अशीच छापून आली. तो कागद त्याने मला फोटो काढून पाठवला.

त्याला एवढेच सांगून ठेवले की कंपनी त्याच्यासाठी जो समूह विमा स्वतः भरते तो ८०डीत धरायचा नाही. पगारातून त्याच्या वाट्याचे जे कापले जाते, तेवढेच त्याचे.

एक गोष्ट अजून बाकी आहे. मुलीची शेवटच्या वर्षानंतर मिरजेतच इंटर्नशिप सुरू होईल आणि तिला स्टायपेंड मिळेल. थोडासाच असेल, पण तो मिळाल्यावर ती या पॉलिसीच्या व्याख्येत ‘अवलंबून’ राहते का, हे मी विमा कंपनीकडून लेखी मागवून घ्यायला सांगितले आहे. सरांनी फाईलच्या पहिल्या पानावर तसे पेन्सिलने लिहून ठेवले आहे. फाईल या वेळी वरच्या मजल्यावरच्या कपाटात आहे.